दिलीपच्या पोटावरचे कट

माझा धाकटा भाऊ दिलीप सात वर्षांपूर्वी पोटाच्या कॅन्सरने गेला. अचानक वजन उतरणे हेच पहिले लक्षण होते, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले.

काल घनसावंगीत एका जिमसमोर खोबरेल तेलाचा आणि घामाचा वास आला आणि तो जाण्याच्या काही महिने आधीची एक सकाळ आठवली. वर्षभर व्यायाम करूनही न दिसलेले दिलीपच्या पोटावरचे कट त्या महिन्यात उमटले होते. तेल चोळून तो अंगणात उभा राहिला.

"दादा, बराबर मोज. सहा हायेत का न्हाई?"

मी बोट ठेवून मोजले. सहा होते.

"मंग आता पोरगी बघा जल्दी!"

आईने ताट आणले. अर्धी भाकर खाऊन त्याने ते सरकवले.

"खा रे, वाळून राह्यलास," आई म्हणाली.

"राहू दे आई," मी म्हणालो, "खाल्लं तर कट जातील."

आईने ताट उचलले.