फक्कीच्या भिंती

चुन्याच्या फक्कीचा वास आला, की लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाचा आमचा भेगाळलेला प्लॉट आठवतो. मिस्त्रीने वडिलांच्या सांगण्यावरून जमिनीवर पांढऱ्या रेघांनी घर आखलं होतं. पुढे साहेबांच्या क्वार्टरसारखी ऐसपैस बैठक, पार मागे स्वयंपाकघर. "कचेरीतली माणसं येतील, बसतील," वडील म्हणाले. रस्त्यावर टँकर आला, तशी आईनं घागर भरून डोक्यावर घेतली आणि त्या आखलेल्या घरात शिरली. एकही रेघ न ओलांडता, बैठकीला वळसा घालून, आखलेल्या दारादारांतून ती मागे गेली, घागर स्वयंपाकघराच्या जागी ठेवलेल्या रांजणात ओतली आणि दुसरी आणायला निघाली. उन्हानं तिचा चेहरा लाल झाला होता. पाचव्या खेपेला मिस्त्रीला राहवलं नाही. "वैनी, नुसती रेघ हाय, वलांडा की." "उद्या भित असंल. तवा कशी वलांडू?" वडिलांनी चपलेनं बैठकीची रेघ पुसली. तिथं, रस्त्यालगत, टँकरच्या पाण्याचा हौद आला, हौदाला लागून स्वयंपाकघर, आणि मधली भिंत सामाईक झाल्यानं एका भिंतीचा खर्चही वाचला. परवा मुलाच्या प्लॉटवर फक्की पडली. तो मोबाइलवर नकाशा दाखवू लागला. मी आधी भरलेली घागर त्याच्या खांद्यावर दिली.