खुर्चीशी उभा दावा

खुर्चीसाठी भांडणारी माणसं या देशात पोत्यानं सापडतील. खुर्चीशी भांडणारं माणूस मात्र मी जन्मात एकच पाहिलं, आणि नशीब असं की त्याच घरात मला सून म्हणून जावं लागलं. ते माणूस म्हणजे माझ्या थोरल्या वन्सं. ह्यांच्यापेक्षा वयानं मोठ्या, बिनलग्नाच्या, आदिलाबादच्या टपाल कचेरीत नोकरीला, आणि जगातला सगळा अन्याय चार पायांवर उभा आहे अशी ठाम समजूत असलेल्या. "वरचा-खालचा हा भेद कोणी काढला, ठाऊक आहे का?" असं त्या विचारायच्या आणि आपण तोंड उघडायच्या आत सांगूनही टाकायच्या, "ज्यानं पहिली खुर्ची केली त्यानं. त्याच्या आधी सगळी माणसं एका उंचीवर बसत होती." हे पटवून द्यायला त्या एकदा एका सुताराच्या दुकानात गेल्या. त्या बिचाऱ्यानं रंधा बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग अक्का, पाट करून देऊ का?" पाटही त्यांना चालत नसे. पाट म्हणजे खुर्चीचं लहानपण, असं त्यांचं म्हणणं.

सगळं गाव त्यांना अक्का म्हणे. मराठीतही अक्का आणि तेलुगूतही अक्का, त्यामुळे तेवढी एक हाक कुठल्याही गल्लीत चालून जायची. टपाल कचेरीत त्या खिडकीमागे दिवसभर उभ्या राहून काम करत. "समोरचा उभा आणि मी बसलेली, हे टपाल आहे का दरबार?" पोस्टमास्तरांनी दया येऊन त्यांच्यासाठी एक उंच स्टूल आणवलं. वन्संनी ते उचलून खिडकीच्या बाहेर, पेन्शनीला आलेल्या एका म्हाताऱ्याला दिलं. झालं! ज्याला ते स्टूल मिळे तो काम झालं तरी उठेना, आणि रांग पार रस्त्यावर जाऊन सायकलींना अडवू लागली. घरातही तीच तऱ्हा. माझ्या वडिलांनी लग्नात मला वेताच्या दोन खुर्च्या दिल्या होत्या. त्यांतल्या एकीवर पाण्याचा हंडा चढला आणि दुसरीवर मांजर व्यायली. मी कुरकुरले तेव्हा वन्सं म्हणाल्या, "बघ, किती कामाला आल्या." पाहुणा कलेक्टर कचेरीतला असो की दूधवाला, त्याला सतरंजीवरच बसावं लागे. लाल-निळ्या पट्ट्यांची ती सतरंजी म्हणजे त्यांचं सिंहासन म्हणा, संसार म्हणा, काय म्हणाल ते.

आणि सभा! समान मजुरीची सभा, जमिनीच्या पट्ट्यासाठी धरणं, महिला दिन, जयंती, पुण्यतिथी, कुठे समतेचा समही कानावर आला की वन्सं सतरंजी खांद्यावर टाकून निघाल्याच. आता समतेच्या सभेची मांडणी तुम्हाला सांगायला नकोच. स्टेजवर पाहुण्यांना सोफे आणि सोफ्यांवर पांढरे टॉवेल. त्याखाली गावातल्या प्रतिष्ठितांना लोखंडी खुर्च्या. आणि त्याही खाली, उघड्या जमिनीवर, ती सभा ज्यांच्यासाठी भरवलेली असे ते लोक. वन्सं बरोबर स्टेजपुढे सतरंजी अंथरत आणि पाहुण्याची ओळख करून देणं चाललेलं असतानाच खणखणीत आवाजात म्हणत, "साहेब, खाली या. तेवढ्या उंचीवरून समता ऐकू येत नाही." काही पाहुणे हसून सोडून देत. काही खरंच खाली येत. एक जाडजूड पुढारी असे भरात येऊन खाली बसले, मांडी घातली, टाळ्या घेतल्या, आणि मग काही केल्या त्यांना उठता येईना. शेवटी चार कार्यकर्त्यांनी त्यांना गणपतीसारखं उचललं. पुढे कितीतरी वर्षं ते वन्सं दिसल्या की कमरेवर हात ठेवून नमस्कार करायचे.

आता माझं ऐका. मी तेव्हा नवी नवरी. यवतमाळहून आलेली, पण तोरा असा की जणू विलायतेहूनच उतरले. डोक्यात अक्कल बेताची, अंगावर नायलॉनची साडी, आणि साडीची काळजी अकलेपेक्षा जास्त. वन्सं मला महिला दिनाच्या सभेला घेऊन गेल्या. मी सतरंजी पाहिली, सतरंजीवरचे भाकरीचे कुटके पाहिले, भोवतीचा फुफाटा पाहिला, आणि स्टेजवरचा मधला सोफा रिकामा आहे हेही पाहिलं. म्हटलं, जरा टेकावं, कोणाला कळतंय! तेवढ्यात एक तेलुगू कार्यकर्ता हात जोडून आला. "अम्मा, कुर्चीलो कूर्चोंडी." खुर्चीत बसा म्हणतोय एवढं मला कळलं. मी तर आधीच बसले होते, म्हणून नुसती गोड हसले. त्यानं माझ्या गळ्यात हार घातला. प्रमुख पाहुण्या म्हणून येणाऱ्या बाईंची जीप वाटेत बंद पडली होती, आणि माझी साडी पाहून मंडळींना वाटलं, याच त्या. पाठोपाठ शाल आली, नारळ आला आणि शेवटी माईक आला. चारचौघांत उभं राहून बोलण्यासारखं माझ्याजवळ त्या वयात एकच होतं. मी उखाणा घेतला. समतेच्या सभेत, भर माईकवर, लाजत मुरकत ह्यांचं नाव घेतलं. जमिनीवरच्या बाया अशा हसल्या की मांडव हलला. घरी जाताना मी रडवेली होऊन वन्संकडे पाहिलं, तर त्या म्हणाल्या, "आजवरच्या भाषणांत तुझंच चांगलं झालं. लवकर संपलं."

माणसांची गर्दी वन्संना आवडे, पण त्यांना मैत्रीण म्हणावी अशी एकच होती. तामसीकडची सुभद्रा. कापूस वेचणारी, वेचणाऱ्या बायांना पुरुषांइतकीच मजुरी द्या म्हणून तहसिलीपुढं धरणं धरायला आलेली. ऊन मी म्हणत होतं. वन्संनी सतरंजीवर सरकून तिला जागा दिली आणि ती त्यांच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली. तिथून पुढे सुभद्रा बसमधून उतरून मांडवात आली की आधी सतरंजी शोधी. एरवी दोघींची भेट नसे, कारण ही वेचणीला नाहीतर निंदणीला, त्या कचेरीत. भेट व्हायची ती सभेत, त्यामुळे सभा कशासाठी आहे याची दोघींनाही फारशी फिकीर नसायची. समोरासमोर बसून ठेचा-भाकर मधे ठेवायच्या आणि वक्त्याच्या आवाजाखाली आपलं बोलणं चालू. वन्सं घरी आल्या की मी मुद्दाम विचारी, "कोण बोललं हो आज?" त्या म्हणायच्या, "कोणीतरी होता उंचसा. अगं, सुभद्राच्या गाईला गोऱ्हा झाला!"

मग दिवस गेले, जसे सगळ्यांचेच जातात. वन्सं निवृत्त झाल्या. हे गेले. पोरं हैदराबादला आणि तिथून पुढं पांगली. घरात आम्ही दोघी नणंदा-भावजया उरलो, आणि एकमेकींना सांगण्यासारखं सगळं सांगून झाल्यामुळे मी भिंतीवरच्या पालीशीही बोलू लागले. बाहेर मात्र प्लास्टिकच्या खुर्च्यांचं राज्य आलं. टेंट हाऊसवाला टेम्पो भरभरून खुर्च्या आणी आणि बघता बघता ज्याला त्याला खुर्ची मिळू लागली. शेतकऱ्याला, मजुराला, गोंडाच्या पाड्यावरून आलेल्या म्हातारीला, सगळ्यांना सारखीच लाल खुर्ची. वन्सं आयुष्यभर जे मागत होत्या ते झालं होतं. सगळे एका उंचीवर बसले होते, फक्त वन्सं सोडून. खुर्च्यांच्या पायांच्या त्या रानात त्या एकट्याच सतरंजीवर बसत. फोनवर सभेचे फोटो येत, त्यांत मी त्यांना शोधी आणि त्या कुठेच नसत. "काय दिसतं हो तिथून?" असं एकदा मी विचारलं. "चपला," त्या म्हणाल्या.

तरी सुभद्रा होती. ती येई, इकडेतिकडे बघे, आणि खाली येऊन बसे. मग एका संविधानदिनाला मीही वन्संबरोबर गेले. गावाला लागूनच्या मावल्याच्या एका फंक्शन हॉलमध्ये सुभद्रा आली आणि आली तशी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. बाहेर आपल्याकडची ती हाडं फोडणारी थंडी, खाली बर्फासारखी फरशी. वन्संनी फरशीवरून हाक मारली, "सुभद्रे, इकडे! जागा धरून ठेवली आहे." त्या जागेवर कोणाचा डोळा होता देव जाणे.

"तूच वर ये ना वं अक्का."

"तू आणि खुर्चीवर?"

"काऊन? मी बसली तं खुर्ची बाटते का?"

आजूबाजूच्या बाया हसल्या. वन्सं हसल्या नाहीत. "तसं नाही गं. इतकी वर्षं आपण दोघी खाली बसलो..."

"तू हौसेनं बसली माय," सुभद्रा म्हणाली. आवाजात राग अजिबात नव्हता, दाण्याचा भाव सांगावा तसं सांगत होती. "आमाले कोनी वर बसू देत नोतं म्हनून आमी बसलो. मालकाच्या वट्ट्याखाली बसलो, तहसिलीत बसलो, पोरीच्या शाळेत गेलो तं थितंई खालीच बसलो. आता खुर्ची भेटून राह्यली तं मी काई सोडत नाई. जमीन का पळून चालली? मेल्यावर हायेच."

 अख्खी सभा वन्सं त्या फरशीवर एकट्या बसल्या, आणि सभा संपली तेव्हा त्यांना उठता येईना. जन्मभर खिडकीमागे उभ्या राहून गुडघे झिजले होते, त्यात ती थंडी. एका काखेत सुभद्रानं हात घातला, दुसऱ्या काखेत मी. ती वाटेत म्हणत होती, "पाय पाह्य वं तुहा, लाकूड झाला." वन्सं तिच्याकडे बघतही नव्हत्या. घरी आल्यावर त्यांनी सतरंजी झटकली, गुंडाळली आणि मला म्हणाल्या, "मला वाटायचं, ती माझ्याबरोबर बसते." मी जन्माची वाचाळ. त्या दिवशी मी चहा ठेवला.

त्यानंतर वन्संनी सभा सोडल्या. बोलावणं आलं की "गुडघा" म्हणायच्या. गुडघा होताच, पण सभेच्या दिवशी त्या सकाळपासून दारात येरझारा घालत, तेव्हा तो बरा दुखत नसे. तामसीची बस रस्त्यावरून गेली की वाचत असलेला पेपर थांबायचा. मी एकदा म्हटलं, "सुभद्रा विचारत होती." त्यांनी पेपराचं पान उलटलं, परत मागे उलटलं आणि म्हणाल्या, "काय विचारत होती?" मी त्या दिवशी सभेला गेलेच नव्हते. थाप तशीच रेटत मी म्हटलं, "अक्का मेली का, असं." त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी.

महिला दिनाला मी त्यांना सरळ ऑटोत कोंबलं. सतरंजी घ्यायला त्या आत वळल्या आणि तशाच परत फिरल्या. रिकामा खांदा कसा उघडावाघडा दिसत होता. हॉलमध्ये सुभद्रानं शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली होती आणि बसमध्ये जागा धरावी तशी येणाऱ्या-जाणाऱ्याशी भांडत होती. "मानूस येऊन राह्यलं म्हनते ना! आंधळी हायेस का?" वन्संना बघून तिनं पिशवी उचलली.

"बस."

"नको. उभी बरी आहे."

भाषण सुरू झालं. भरल्या हॉलमध्ये सगळे बसलेले आणि वन्सं तेवढ्या खांबासारख्या उभ्या. मागून कोणी "कूर्चोंडी अम्मा" म्हणे, कोणी "दिखता नहीं माँजी" म्हणे. शेवटी स्टेजवरच्या पाहुण्या बाई बोलता बोलता थांबल्या आणि माईकवरून म्हणाल्या, "त्या आजींना कोणीतरी खुर्ची द्या हो." ज्या बाईनं उभ्या जिल्ह्यातल्या पाहुण्यांना खाली उतरवलं होतं, तिला आज एक पाहुणी वर बसवत होती. वन्संनी मान वळवली, तेवढ्यात त्यांचा चेहरा मला मागच्याच रांगेतून दिसला आणि मी पटकन खाली बघितलं. वर पाहिलं तेव्हा त्या बसलेल्या होत्या. अगदी कडेला, बसच्या टपावर बसल्यासारख्या.

"कसं वाटून राह्यलं?" सुभद्रानं विचारलं.

वन्संनी मान उंचावून समोर बघितलं. "नुसती डोकी दिसतात गं. तीही मागून."

"मंग? सभेत तसंच दिसते."

"कोणाचं तोंड कोणाला दिसत नाही. माणसं बसवलीत का वाळत घातलीत?" असं म्हणून त्या सुभद्राच्या खांद्याला धरून उठल्या. दोन्ही हातांनी ती लाल खुर्ची उचलली, गर्रकन फिरवली, स्टेजकडे पाठ केली आणि सुभद्रासमोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून. कार्यकर्ता धावत आला. "अम्मा, स्टेज उधर है." "ठाऊक आहे," वन्सं म्हणाल्या आणि सुभद्राकडे वाकल्या. "हं. तुझ्या सुनेचं काय झालं, ते सांग."

पाहुण्या बाई बोलत होत्या आणि या दोघी आपलं बोलत होत्या. आता हळू आवाजात, त्यामुळे काय ते मला ऐकू येत नव्हतं. मधेच सुभद्रानं वन्संच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ती तो हलके हलके चोळत राहिली, बोलणं न थांबवता. मलाही वाटलं, आपणही खुर्ची फिरवावी. सवयीनं मी ह्यांना शोधत मागे वळून बघितलं. माझी रांग शेवटची होती, मागे नुसती भिंत. ह्यांना सभांचा कंटाळा, हे आज असते तरी बाहेर पान खात उभे राहिले असते म्हणा. मी पदर सारखा केला आणि पुढे बघून भाषण ऐकलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. चांगलं होतं. फक्त लवकर संपेना.