कपाटातला राखणदार

माझे सासरे मोजणी खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी दगड वेचायला घेतले. त्यांच्या बरोबरीची मंडळी कलमं लावत, कीर्तनाला जात. मामंजी काठी घेऊन सड्यावर, गावामागच्या जांभ्याच्या माळावर, जात आणि दिवेलागणीला कोटाचे खिसे लोंबवत परत येत. त्या खिशांत म्हणे, माणूस शेती शिकला त्याच्याही आधीची हत्यारं असत. मी घरात नवी सून. मला ते नुसते फुटके दगड दिसत. पण मला नाटकाची भारी हौस, आणि आमटी भुरकता भुरकता मामंजी त्या आदिमानवाला असा रंगवत, की वाटावं, तो आत्ता मागीलदारी पाय धुतोय आणि पाटावर येऊन बसणार.

तीस सालानंतर कधीतरी वाचनालयानं माडीवरची एक खोली दिली आणि रत्नागिरीला संग्रहालय मिळालं. बंद पडलेल्या औषधांच्या दुकानातलं काचेचं कपाट, आणि माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या: पातं, तासणी, हातकुऱ्हाड. खोलीला एकच खिडकी, समुद्राच्या बाजूची. खाऱ्या हवेनं चिठ्ठ्या फुगतात म्हणून मामंजी ती कुणाला उघडू देत नसत. दुपारी मी धूळ पुसायला जाई. खाली वर्तमानपत्रांवर म्हातारे डुलक्या घेत. छपराच्या फटींतून मिरकरवाड्याचा सुक्या मासळीचा वास आणि समुद्राची गाज झिरपत येई. कपाटाची काच जुनी, लहरीलहरीची. तिच्यातून ऊन पाण्याखाली पडावं तसं हलत दगडांवर पडे. मग मला वाटे, हे सगळे झोपलेत. फार आवाज केला तर एखादा कूस बदलेल.

मधोमध होती ती हातकुऱ्हाड. तळव्याएवढी, काळसर, कितीतरी हात फिरून गुळगुळीत झालेली. आतल्या एका गावातल्या शेतकऱ्यानं ती आपल्या शेताच्या मेरेवरून, बांधावरून, उचलून दोन्ही हातांनी मामंजींना दिली होती. मामंजींचा तिच्यावर माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त जीव होता, आणि ते नवऱ्यालाही मान्य होतं.

भात झोडून झाल्यावरचे दिवस होते. दोन बायका जिना चढून वर आल्या. पुढे म्हातारी, मागे तिची तरणी सून. म्हातारी थेट कपाटाशी गेली, पदर सावरला आणि कुऱ्हाडीला हात जोडले.

"हितं येऊन बसलास व्हय रं?" ती दगडाला म्हणाली. "बरा हायस मा?"

मामंजी चष्मा सावरत उठले. "बाई, हे संग्रहालय आहे."

"आसंल. ह्यो आमच्या शेताचा राखणदार हाय. माज्या घोवान तुमाला दिलान आणि तो मेला. आता ल्योक मुंबयला गिरणीत हाय. खोली गावली म्हनतो, बायकोला धाडा. पन राखणदाराचा कौल घेतल्याबिगार आमच्या घरातलं मानूस शीव वलांडत न्हाय."

"आत्ये," सून मागून म्हणाली, "लगीन झाल्यापासून दोनदाच बगितलाय मी त्येंना."

"दोनदा पुरं झालं. तू गप ऱ्हा."

"मग घेऊन जा तुमचा देव," मामंजी म्हणाले. पण आवाज मुलीची पाठवणी करणाऱ्या बापाचा.

"दिल्याला परत घ्येत न्हाय आमी. कपाट उगडा."

घाटावरच्या मंडळींसाठी सांगते: देवाच्या दगडाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आता हे मामंजींच्या संग्रहालयात! देव न मानणाऱ्या माणसाच्या!

"अहो, ही हातकुऱ्हाड आहे," ते कळवळून म्हणाले. "हिनं माणसानं डुकराचं कातडं सोललंय."

"मंग? राखणदार काय उपाशी ऱ्हाईल?"

मी तोंडाला पदर लावला आणि 'हात लावू नये' ही माझ्याच अक्षरातली पाटी हळूच भिंतीकडे फिरवली. मामंजींनी ते पाहिलं आणि किल्ली काढली.

म्हातारीनं चाफ्याच्या पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं घातलं. मग चौघंही खाली बसलो.

इतकी शांत दुपार मी पुन्हा अनुभवली नाही. ऊन भिंतीवरून सरकत होतं. कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी हा दगड हातात घेऊन अशाच समुद्राची गाज ऐकली असेल, त्याचीही बायको कुठे दूर वाट बघत असेल, असं काहीबाही मनात येऊन मला पेंग यायला लागली. सुनेचे डोळे मात्र टक्क उघडे. श्वाससुद्धा जपून घेत होती, आपल्या श्वासानं भलतीच पाकळी हलू नये म्हणून. आणि डावीची कड सुटायला लागली होती. मला दिसलं. तिला दिसलं. तिनं माझा हात गच्च धरला.

मामंजी खाकरले. "उजवी म्हणजे कुणाची उजवी? बघणाऱ्याची की देवाची?"

"द्येवाची."

"अस्सं," ते म्हणाले. "माहिती असावी." मग जरा वेळानं, "फार उकडतंय नाही?" म्हणत उठले आणि जाऊन खिडकी सताड उघडली. ती देवाच्या उजव्या अंगाला होती.

वारा आला. चिठ्ठ्या फडफडल्या. एक थेट कपाटामागे गेली. उजवी पाकळी थरथरली, सुकली आणि अलगद खाली आली.

सुनेनं ओंजळीत तोंड लपवलं. म्हातारीनं एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा मामंजींकडे. पाकळ्या पदरात बांधून घेतल्या आणि सुनेला म्हणाली, "चल, बोचकी बांदाया हवीत." पुढच्या आगबोटीनं सून गेली.

दुसऱ्या वर्षी भात झोडून झाल्यावर म्हातारी परत आली. एकटीच.

"नातू झालाय," ती म्हणाली. "ल्योक म्हनतो, तूबी ये. इचारायला हवं ह्येला."

मामंजी किल्ली शोधायला लागले. म्हातारी त्यांच्यासाठी थांबली नाही. ती कपाटावरून सरळ पुढे गेली, खिडकीचा अडसर काढला आणि दोन्ही दारं ढकलून दिली.

"हां," ती म्हणाली. "आता कपाट उगडा."