पूर्ण वाचल्याशिवाय शेरा नाही

आमच्या यांना, म्हणजे पद्मनाभरावांना, देवाने घाई नावाची गोष्ट दिलीच नाही. एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केली, शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून, आणि सगळी कचेरी त्यांना एकाच वाक्याने ओळखायची: पूर्ण वाचल्याशिवाय शेरा नाही. साहेब टेबलापाशी उभा राहून ओरडला तरी हे फाइल पहिल्या पानापासून वाचणार, बोटाने ओळ धरून. एकदा अशा वाचण्यातच एका शिपायाची गहाळ झालेली चार वर्षांची नोकरी कुठल्याशा जोडपत्रात सापडली आणि त्याला पेन्शन मिळालं. तो माणूस अजून पोंगलला ऊस घेऊन येतो. पण घरात हा स्वभाव म्हणजे डोक्याला ताप! आमचं लग्न ठरताना माझी पत्रिका यांनी पाच आठवडे ठेवून घेतली होती. तिकडे तंजावरला माझे वडील हवालदिल, आणि इकडे यांचं वाचन चालू. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आता निवृत्त झाले तर गप्प बसावं ना? छे. सकाळी संध्या झाली, फिल्टरची काप्पी झाली की चेन्नईच्या तांबरममधल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत खुर्ची टाकून एक जाडजूड पुस्तक उघडायचे. वर खाकी कागदाचं कव्हर. वाचायचं किती, तर पाच-दहा मिनिटं. मग पेन्सिलीने काहीतरी टिपायचं, पुस्तक कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली जानव्याला!

"काय हो वाचता एवढं?" मी विचारलं.

"कामाचं आहे."

निवृत्त माणसाला कसलं आलंय काम? मी संशयी आहे, हे मला मान्य आहे. भाजीवाला वजन करताना मी काट्याकडे बघत नाही, त्याच्या बोटाकडे बघते. पण चाळीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाने पगाराचं पाकीटसुद्धा टेबलावर उघडं टाकलं, तो एकदम किल्ली जानव्याला बांधायला लागला तर कुणाच्या मनात येणार नाही? कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं मला कळत होतं.

त्यात शरण्या, आमची एकुलती एक मुलगी. गुम्मिडिपूंडीला एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहे, तिथेच हॉस्टेलवर राहते. दर रविवारी दोन गाड्या बदलून घरी यायची. जेवण झालं की बापलेक आतल्या खोलीत, आणि दार बंद. दहाच मिनिटं. मी आपली भांडी विसळायचं सोडून दाराशी. लाज कसली, माझंच घर आहे! ऐकू काय यायचं, तर एवढंच:

"कुठवर आलंय, अप्पा?"

"चाललंय."

झालं. बाहेर आल्यावर दोघांच्या तोंडाला कुलूप. मला वाटलं, यांना काही दुखणं आहे आणि माझ्यापासून लपवताहेत. यांच्या गोळ्यांची पाकिटं काढून औषधाच्या दुकानात विचारून आले. रक्तदाबाच्याच निघाल्या. मग वाटलं, पोरीला परदेशी जायचंय. तिची पर्स तपासली. काही नाही. आणि पोरगी तर एकेक स्थळ मोडत होती. बंगळुरूचा गिरिधर, आपल्याच तंजावरकडचा, नोकरी चांगली, घरात मराठी बोलतात, आणखी काय हवं? तर "आत्ता नको, अम्मा." चार वर्षं आत्ता नको! सत्ताविसाची एकतीस झाली. माझी झोप उडाली होती, आणि हे बाल्कनीत बोटाने ओळी धरताहेत.

गेल्या सरस्वतीपूजेला मात्र मी ठरवलंच. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं एकूण एक पुस्तक देवीपुढे मांडतात, वर गंधफूल वाहतात, आणि मग कुणी एक ओळसुद्धा वाचायची नाही. दुसऱ्या दिवशी दशमीला पुस्तकं उचलायची. मी पंचांगापासून शरण्याच्या कॉलेजच्या वह्यांपर्यंत सगळं मांडलं आणि म्हटलं, "तुमचं ते खाकी पुस्तक द्या."

"ते नको."

"का नको? बँकेचं पासबुकसुद्धा ठेवते मी. तुमच्या पुस्तकाला काय सोवळं लागतंय?"

"ते तिथे ठेवण्यातलं नाही, कनका."

आणि दुसरी पुस्तकं काढायला म्हणून यांनी कपाट उघडलं, तसा मी सरळ हात घातला. ओढाओढीत कव्हर फाटलं. आत काळी पाठ आणि सोनेरी अक्षरं. तमिळ बायबल.

सकाळी संध्या करणारा माणूस! "बाटलात की काय तुम्ही? कुणी केलं हे? कधीपासून?" मी देवीसमोरच सुरू झाले. कपाळावर गंध आहे की नाही तेही बघून घेतलं. होतं.

हे खाली बसले आणि हळूहळू, एकेक कागद पुढे सरकवावा तसं सांगू लागले. चार वर्षांपूर्वी शरण्याने यांना सांगितलं होतं, कारखान्यात जेबराज म्हणून एकजण आहे, त्याच्याशी लग्न करायचंय. ख्रिश्चन आहे. अप्पांनी हो म्हटल्याशिवाय करणार नाही, पण दुसऱ्या कुणाशीही करणार नाही. यांनी काय म्हणावं? "त्यांचं पुस्तक आणून दे. मी पूर्ण वाचतो, रोज एक अध्याय. मग सांगतो."

"आणि मला?"

"तू ऐकलं असतंस तर त्याच दिवशी नाही म्हणाली असतीस."

खरंच म्हणाले असते. आजही म्हणेन, असं मला त्या क्षणी वाटत होतं. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मी ते पुस्तक ओढून घेतलं, अजून किती उरलंय ते बघायला, आणि खोटं कशाला बोलू, मनात म्हटलं, उरू दे आणखी दहा वर्षांचं. कंटाळेल पोरगी आणि विसरेल त्याला.

प्रत्येक अध्यायाच्या डोक्यावर पेन्सिलीने तारीख. एक दिवस चुकलेला नाही. मागच्या सरस्वतीपूजांच्याही तारखा होत्या. म्हणजे पूजेच्या दिवशीसुद्धा चोरून वाचत होते हे! पानं उलटत मी शेवटच्या पानावर गेले. तिथेही तारीख होती. १४-९-२४.

मी पहिलं पान काढलं. पहिल्या अध्यायावर दोन तारखा. एक चार वर्षांपूर्वीची. तिच्याखाली दुसरी, १५-९-२४.

"अहो, हे तर संपलं होतं! वर्ष झालं!"

हे फाटलेलं खाकी कव्हर जुळवायला लागले.

"संपलं आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंत? आणि पोर दर रविवारी विचारतेय, कुठवर आलंय, कुठवर आलंय, तिला चाललंय म्हणून सांगता?"

"चाललंच होतं," हे म्हणाले. मग म्हणाले, "हो म्हटलं तर ती जाईल. नाही म्हटलं तरी जाईल. वाचतोय तोवर दर रविवारी येते."

"आणि शेरा काय तुमचा? हो की नाही?"

"हो. ते पहिल्या वर्षातच ठरलं होतं माझं. त्या पुस्तकातले बापही आपल्यासारखेच आहेत गं, मुलांच्या बाबतीत चुकणारे."

बघा आता. मी तर खूश व्हायला हवं होतं. ख्रिश्चन जावई नको होता ना मला? पण माझी पोर प्रामाणिकपणे वाट बघत बसलीय, स्वतःचं वय जाळतेय, आणि हा भला माणूस, ज्याने परक्या शिपायासाठी जोडपत्रं चाळली, तो स्वतःच्या लेकीची फाइल दाबून बसलाय! मी म्हटलं, "या रविवारी तुम्ही तिला सांगायचं. नाहीतर मी सांगते." जेबराज तर जेबराज. त्या दिवशी मी त्याला मनातल्या मनात जेवायलासुद्धा वाढलं.

रविवारी शरण्या आली. जेवणं झाली. मी म्हटलं, आज दार लावायचं नाही, आणि खोलीत जाऊन बसले. हे उभेच होते.

"शरण्या, वाचून झालं. माझा होकार आहे."

तिने विचारलं, "कधी झालं, अप्पा?"

यांना खोटं बोलता येत नाही. "मागच्या वर्षी. सप्टेंबरात."

"चौदा तारखेला. शनिवारी," ती म्हणाली. आवाज चढला नाही, काही नाही. "अकराशे एकोणनव्वद अध्याय आहेत. तुम्ही एकही दिवस चुकणार नाही, हे मला माहीत होतं. मी पहिल्या दिवशीच मोजून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी रविवार. टी. नगरहून घेतलेली रेशमी साडी नेसून आले होते मी. विचारलं, तर तुम्ही म्हणालात, चाललंय. मला वाटलं, नाही म्हणायचंय आणि तोंडातून निघत नाहीये. जेबराजला सांगितलं, थांबू नकोस. मे महिन्यात लग्न झालं त्याचं."

हे खाली बसले. खुर्चीवर नाही, जमिनीवरच.

"अगं, मग तू वर्षभर विचारत का राहिलीस?" मी ओरडलेच.

"अप्पांना बरं वाटायचं म्हणून," ती म्हणाली, आणि पाचची गाडी आहे म्हणून पिशवी भरायला लागली. मी डब्यात चिंचेचा भात दिला. घेतला तिने. जिन्यापर्यंत गेले, तर म्हणाली, "तू ये आत, अम्मा, ऊन आहे."

त्यानंतरच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला की म्हणते, रविवारी शिफ्ट आहे, अम्मा. तिच्या कारखान्याला रविवारी सुट्टी असते, ते मी त्यांच्या ऑफिसात फोन करून विचारून ठेवलंय. तिला मात्र विचारत नाही. हे सकाळपासून तीनदा येऊन विचारतात, येतेय का गं आज? मी सांगते, शिफ्ट आहे.