खिशातले तीन फ्यूज

अण्णा कुठल्याही नव्या वस्तूला पहिला हात लावायचे तो उलटा. तळवा नाही, हाताची मागची बाजू. मग ती मोटार असो, लोखंडी कपाट असो की ऑटोची दांडी. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, "तळव्यानं धरलंस आणि आत वीज असली, तर मूठ आवळते. तू सोडायचं म्हटलंस तरी ती सोडत नाही. उलटा हात झटक्यानं मागं फेकला जातो. हसा, हसा."

बेंगळुराबाहेर, बोम्मसंद्रातल्या एका मोटार-दुरुस्तीच्या शेडमध्ये ते टेस्टिंग बघायचे. नव्वदच्या दशकात मी तिथं रुजू झाले. मी निपाणीची, आई विड्या वळायची, आणि कॉलेज पुरं केलेली घरातली मी पहिलीच. इलेक्ट्रिकलची बी.ई. हे मी तेव्हा विचारल्याशिवाय सांगायचे, अजूनही सांगते. अण्णा जुन्या बेंगळुरी मराठा घरातले, बोलण्यात निम्मं कन्नड. मला 'इंजिनिअरबाई' म्हणायचे, आणि थट्टेनं नाही. गणित माझं, हात त्यांचा, अशी आमची वाटणी होती.

भित्रेपणाची त्यांना लाज नव्हती. उलट मिरवायचे. "अख्ख्या बेंगळुरात माझ्याइतका भित्रा माणूस दाखव." शेजारच्या बेंचवरचा एक जण एकदा म्हणाला, "एवढं भ्यायचं तर भाजीची गाडी लावा की अण्णा." अण्णांनी त्याच्याकडं शांतपणे बघितलं. "माझा जोडीदार शूर होता. फोटो दाखवू? हार घातलेला आहे." पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

तारांना हात घालायच्या आधी ते पत्र्याच्या आडोशामागच्या बोर्डाकडं जात, स्विच पाडत, चिनी मातीचे तिन्ही फ्यूज उपसून शर्टाच्या खिशात टाकत आणि खिशाचं बटण लावत. एवढं करून परत यायचे ते तारांना पुन्हा उलटा हात लावूनच बघायचे. मी एकदा विचारलं, "फ्यूज खिशात आहेत, मग आता कसली भीती?"

"खिसा माझा आहे गे. वीज माझी नाही."

एका दुपारी बंद पडलेल्या कुठल्याशा कारखान्यातून एक दांडगी मोटार आली. नावाची पट्टी नाही, नुसती रिव्हेटांची भोकं. किती ताकदीची, किती व्होल्टची, काही कळायला मार्ग नाही. बाहेर आलेल्या सहा तारा एकाच काळ्या रंगाच्या, एकीवरही खूण नाही. गिऱ्हाइकाचा टेम्पो अंगणात उभा.

"जोडा आणि फिरवा," मालक म्हणाले. "फिरली की झालं."

"आणि पेटली की?" अण्णा म्हणाले. "जिचं नाव माहीत नाही तिच्या घरात असं शिरायचं नसतं, मालक."

त्यांनी आधी शाफ्ट हातानं फिरवून बघितला. मग मेगर नावाचं मीटर लावून वीज मोटारीच्या पत्र्यावर उतरत नाही ना ते तपासलं. कुठल्या दोन तारा एकाच कॉइलच्या ते दिवा लावून शोधलं आणि तीन जोड्या लावल्या. कुठलं टोक सुरुवातीचं आणि कुठलं शेवटचं ते थोडासा विजेचा दाब देऊन मी मीटरवर काढलं आणि तांबडा, पिवळा, निळा दोरा बांधला. पहिल्यांदा मोटार स्टारमध्ये, तिन्ही शेवटची टोकं एकत्र बांधून चालवली, म्हणजे प्रत्येक कॉइलवर दाब कमी येतो. ती फिरली. वास नाही, घरघर नाही. करंट बघून मी सांगितलं, ही डेल्टा जोडणीचीच आहे, पूर्ण दाब झेलेल. अण्णांनी मान हलवली, आडोशामागं जाऊन फ्यूज काढून आणले आणि जोडणी बदलायला झाकण उघडलं, उलटा हात लावून बघितला आणि स्टारचा जोड सोडला.

मी पक्कड घेऊन तारेकडं वाकले.

"स्वल्प थांब," ते म्हणाले. "आधी मी."

त्यांनी उलटा हात पुढं केला. फट् असा आवाज झाला आणि अण्णा मागं फेकले गेले, लाकडी फळ्यांवर आदळले. हाताची मागची बाजू काळी पडली होती. माझी पक्कड तारेपासून वीतभर अंतरावर होती.

अण्णांनी डोळे उघडले. डाव्या हातानं खिसा चाचपला. बटण लावलेलंच होतं.

"तिन्ही आहेत," ते पुटपुटले. "मग ही आली कुठून?"

आडोशामागून मालक आले, तोंड पांढरं पडलेलं. आमच्याकडं एका बेंचचे फ्यूज दुसऱ्या बेंचवाले बिनदिक्कत उचलायचे. मोटार थांबलेली, बोर्ड रिकामा. मालकांना वाटलं, आजही कुणीतरी नेले. त्यांनी ड्रॉवरमधले दुसरे बसवले आणि स्विच वर केला. स्टारचा जोड सुटलेला, म्हणून मोटार फिरली नाही आणि आम्हाला कळलंही नाही. "मी मदतच करत होतो," ते पुनःपुन्हा सांगत राहिले.

अण्णा वाचले, पण उजव्या हाताची दोन बोटं नीट मिटेनात. त्यांनी काम सोडलं. येलहंकाला मुलाकडं जाणार होते. पण त्याआधी हाताला पट्टी बांधून एक दिवस शेडमध्ये आले. ती मोटार अजून तशीच, झाकण उघडं. कुणी तिच्याजवळ जात नव्हतं. मीही नाही.

अण्णा स्टुलावर बसले. "इंजिनिअरबाई, अर्धं काम राहिलंय."

मी बोर्डाकडं गेले. स्विच पाडला, फ्यूज उपसले, आणि लक्षात आलं, माझ्या कुर्त्याला खिसाच नाही. तिन्ही फ्यूज ओढणीच्या टोकात गाठ मारून बांधले. ड्रॉवरला कुलूप लावलं, किल्लीही त्याच गाठीत. मालकांना अण्णांनी बोर्डासमोर उभं केलं होतं, कुणाला हात लावू देऊ नका म्हणून. तरी मोटारीपाशी आले तर हात पुढं जाईना. ओढणीचं ओझं मांडीवर आपटत होतं आणि मला एवढंच दिसत होतं, वीतभर अंतर.

"घाबरलीस?" अण्णांनी विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. बी.ई. झालेली होते मी.

"हो अण्णा. फार."

"सरी, बरं झालं," ते म्हणाले, आणि आल्यापासून पहिल्यांदा स्टुलावर भिंतीला टेकून नीट बसले. "मग मी येलहंकाला जातो. लाव हात."

मी उलटा हात लावला. तार थंड होती.