कॅमेरा माझ्या मांडीवर होता

तुमच्या सदरातले अनुभव माझी नात मला वाचून दाखवते आणि मी मधेच हसते, म्हणून ती चिडते. काय करू? पांढरी साडी, वडाचं झाड, उलटे पाय... लग्नांची शूटिंगं उरकून मी टेंपोत मागे बसून कित्येकदा अवेळी घरी आलेय. कुत्र्यांखेरीज कुणी अंगावर आलं नाही. असल्या गोष्टींवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. पण एक प्रकार घडलाय खरा. तो आठवला की मला भीती वाटत नाही. किळस येते.

नव्वदच्या दशकाची अखेर. माहेर माझं कवठे येमाईचं, पण लग्न होऊन केडगावात आले. स्टेशनच्या रस्त्याला आमचा फोटो स्टुडिओ होता. हे काविळीने अंथरुणाला लागले आणि व्हिडिओ कॅमेरा माझ्या खांद्यावर आला. केवढं ते धूड! आत अख्खी व्हीएचएस कॅसेट मावायची. आणि माझं शूटिंग म्हणजे काय सांगू — नवरीचं डोकं कापलेलं, भटजींचं पोट मात्र पूर्ण! हात असा हलायचा की सप्तपदी बघताना पाहुण्यांना गाडी लागायची. पण थाट विचारू नका. साडीवर खिशाखिशांचं हिरवं जाकीट घालायची मी, वार्ताहरांसारखं. खिशात काय, तर कंगवा आणि भाजलेले शेंगदाणे.

त्या वर्षी कालव्याला पाणी कमी होतं. शेतकऱ्यांनी पाणी उपसायला कालव्यात टाकलेल्या मोटारी काढायला पाटबंधारेवाले जायचे, सोबत पोलीस. हाणामाऱ्या व्हायच्या, पोलिसांवर तक्रारी जायच्या. मग वरून हुकूम आला — लोकांशी जे बोलाल, जे कराल त्याचं शूटिंग ठेवा. पोलिसांकडे कुठला आलाय कॅमेरा? लग्नाच्या शूटिंगवाल्यालाच जीपमध्ये घालून न्यायचे.

फौजदार साहेब मोठे गोड बोलायचे. "म्याडम, आम्ही चालू म्हटलं की चालू, बंद म्हटलं की बंद. सोपंय."

म्याडम! उभ्या जन्मात मला कुणी म्याडम म्हटलं नव्हतं. मी जमिनीपासून वीतभर वरूनच चालले असेन त्या दिवशी.

पाटसच्या अलीकडे कालव्याच्या भरावावर बिरू आबा कुऱ्हाडीने बाभळीची काटेरं तोडत होते. सत्तरीचे, लाल पागोटं. तरुणपणी मेंढरं वळली, आता दोन तुकडे ऊस होता. त्यांची मोटार कालव्यात घरघरत होती. साहेबांनी मला "चालू" म्हणून सांगितलं आणि वाकून हात जोडले.

"आबा, रामराम. तुम्ही मला वडलांच्या जागी. पण सरकारचा हुकूम आहे, मोटार काढावी लागेल."

"काढा की सायेब. फकस्त उद्यापातुर दम धरा. ऊस वाळतुय, येवढं येक पानी बसू द्या."

साहेबांनी आबांचाच लोटा उचलून त्यांच्या हातात दिला. "पाणी घ्या आबा, ऊन किती आहे." आबा पाणी प्यायले. साहेब तसेच हसत माझ्याकडे वळून म्हणाले, "बंद करा. जीपमध्ये बसा म्याडम, काळ्या पडाल."

मी बंद केला. बॅटरी फार लवकर उतरायची, म्हणून ती काढून जाकिटाच्या खिशात टाकली. जीपमध्ये जाऊन बसले, कॅमेरा मांडीवर. समोर आरसा दिसला. मग काय... कंगवा निघाला! पाठीमागे मोटारीची घरघर एवढी की दुसरं काही ऐकू येईना. आणि ऐकणारी तरी कोण, भांग सरळ निघतोय का याची काळजी करणारी!

"म्याडम, पळा! चालू करा!"

धावत गेले तर साहेबांचा शर्ट फाटलेला, आबा चिखलात पालथे, अंगावर दोन हवालदार. "कुऱ्हाड घ्या, कुऱ्हाड जवळून घ्या." मी बॅटरी चढवली आणि घेतली.

सरकारी कामात अडथळा, साहेबांवर हल्ला. आबा आत. पुरावा म्हणून माझी कॅसेट. ती कॉपी काढायला म्हणून दोन-तीन दिवस माझ्याकडेच होती.

आबांची सून लक्ष्मी दुपारी स्टुडिओत आली. डोळे सुजलेले.

"ताई, आबा म्हंत्यात म्या कुनाला बोट बी लावलं न्हाई. तुमी व्हता की तितं. काय घेतलं त्येवढं दावा. ह्या वयात तुरुंगात ग्येलं तर परत न्हाई यायचं म्हातारं."

आतल्या खोलीतून हे ओरडले, "दाखव तिला." आणि स्वतःच भिंतीला धरत येऊन बसले.

कॅसेट लावली. रामराम, उद्यापातुर दम धरा, लोटा. इथे मी बंद केलं होतं. म्हणजे इथून एकदम फाटका शर्ट दिसायला हवा.

चित्र पुढे चालूच राहिलं.

भरावाच्या उंचवट्यावरून घेतलेलं. साहेबांचं हसू गळून पडलेलं दिसलं. त्यांनी आबांच्या हातून लोटा ओढला, त्यात गुटख्याची पिंक टाकली आणि लोटा परत त्यांच्या हातात दिला. हवालदार हसले. मग साहेबांनी स्वतःच्या शर्टाची पट्टी धरली आणि खस्सकन ओढली. बटण तुटून मातीत पडलं. त्यांनी वाकून ते उचललं, फुंकर मारून धूळ उडवली... आणि खिशात घातलं. जपून. मग आबांच्या मानगुटीला धरून त्यांना चिखलात दाबलं.

दाबण्याआधी आबांनी सरळ कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले होते. तेव्हा चित्र एकदाच खाली गेलं आणि वर आलं. बाकी सगळं कसं स्थिर! एकाचंही डोकं कापलेलं नाही.

आणि मागे जीप दिसत होती. जीपमध्ये हिरव्या जाकिटातली एक बाई, मांडीवर कॅमेरा, मन लावून भांग पाडणारी.

लक्ष्मी म्हणाली, "ताई... त्या तर तुमी."

हे म्हणाले, "मग हे घेतंय कोण?"

तेवढ्यात दारात जीप थांबली. लक्ष्मीला मी फोटोसाठी रंगवलेल्या महालाच्या पडद्यामागे ढकललं. साहेब आले, खुर्चीत पसरले, माझ्या बरणीतले शेंगदाणे घेतले, फोलपटं माझ्याच फरशीवर फुंकली. "लावा म्याडम, बघू कसं आलंय."

मी लावली. का लावू नये?

लोट्याशी आल्यावर त्यांचं चावणं थांबलं. बटणाशी आल्यावर तोंड उघडंच राहिलं, आत चावलेले शेंगदाणे दिसत होते. शी! अजून मला शेंगदाणे जात नाहीत.

"कुणी काढलं हे?"

"मला काय माहीत साहेब? मी ती काय, जीपमध्ये. तुम्हीच बसवलं होतं ना, काळी पडेन म्हणून?"

त्यांनी कॅसेट काढली, आतली फीत हातभर-हातभर ओढून काढली आणि मागच्या गटारापाशी जाळली. कॉपी आहे का विचारलं. नव्हती. त्यांनी कपाटं उचकून खात्री करून घेतली. जाताना नेहमीसारखे हात जोडले. "येतो म्याडम." मी केरसुणी घेऊन फोलपटं झाडली.

दौंडच्या कोर्टात लक्ष्मीने वकिलाला एवढंच विचारायला लावलं — शूटिंगवाली बाई नेली होती, मग शूटिंग कुठाय? साहेब म्हणाले, कॅसेटला बुरशी लागली. बुरशी! दोन हवालदारांच्या जबान्या एकमेकींशी जुळेनात आणि आबा सुटले. साहेबांचं काय झालं म्हणाल, तर बढती.

सुटल्यावर आबा स्टुडिओत आले. काखेत घोंगडी, माझ्यासाठी.

"पोरी, लई ब्येस क्येलंस. मला वाटलं व्हतं, तू बी त्येंच्यातलीच."

"आबा, मी काही केलं नाही. मी जीपमध्ये होते हो."

"जीपमंदी बी व्हतीस. ते बी दिसत व्हतं मला, केस इचरीत बसलीयास. आन् भरावावर बी व्हतीस. ह्येच जाकीट. म्या हात जोडलं तवा तू मान न्हाई का हलिवलीस? तवाच म्हनलं, आता दाबू दे किती दाबायचं त्ये."

मी मान हलवली नव्हती. बॅटरी माझ्या खिशात होती. कॅमेरा माझ्या मांडीवर होता. ह्यांनी पुढे बरीच वर्षं डोकं खाजवलं, कॅमेरा पुण्याला नेऊन दुरुस्तीवाल्याकडून उघडून घेतला. त्याने आमच्याकडेच संशयाने पाहिलं. उत्तर काही मिळालं नाही. तुम्हा वाचकांपैकी कुणाला सुचलं तर कळवा, माझं वय झालंय, फार वाट बघायला लावू नका.

एक मात्र मी केलं. आबा गेल्यावर जाकीट चढवलं, कॅमेरा खांद्यावर घेतला, ह्यांना रंगवलेल्या महालापुढे उभं केलं आणि मान हलवली. मग टीव्हीवर लावून पाहिलं. चित्र अगदी तसंच खाली गेलं आणि वर आलं.

फक्त ह्यांचं डोकं कापलं गेलं होतं.