देवराईखालची जमीन

"हिरवं हाय ना, मग भ्या न्हाई," माझ्या मागे बसलेली मावशी शेजारणीला म्हणाली.

शाळेच्या भिंतीवर मी केलेला नकाशा टांगला होता. लाल म्हणजे दरडीचा धोका, हिरवं म्हणजे सुरक्षित. वेल्ह्याच्या पुढच्या त्या वाडीतली खालची अकरा घरं लालमध्ये होती आणि आम्ही बसलो होतो ती शाळा हिरव्यात. पाऊस वाढला की त्या घरांनी शाळेत झोपायला यायचं, असा ठराव व्हायचा होता. पुण्याहून माझ्याबरोबर आलेले आमचे सर, या कामाचे प्रमुख, समजावून सांगत होते. मी कोपऱ्यात, मांडीवर लॅपटॉप.

"म्याडमला वाचा हाय का न्हाई?" एका बाबांनी विचारलं. सगळे हसले, मीही हसले. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं. चारचौघांत मराठी बोलायचं म्हटलं की तळहात ओले होतात. खरं तर इंग्रजीतही होतात.

ठरावावर सह्या सुरू झाल्या तशी ती मावशी उठली. "देवाला दिवा लावाय चाललेय. येतीस का, पोरी? बसून बसून आंबशील."

देवराई शाळेच्या मागेच होती. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. चपला बाहेर काढून मी मावशीच्या मागे निघाले. माझ्या नकाशात इथे डोंगरापर्यंत सावकाश चढत जाणारा उतार होता. वीसेक पावलांवर मावशीने माझा दंड धरला. पुढे जमीन नव्हती.

खाली घळ होती. तिच्या तळातून सरळसोट बुंधे वर आले होते आणि त्यांचे शेंडे काठावरच्या झाडांना येऊन मिळाले होते. वरून बघणाऱ्याला घळ दिसलीच नसती. माझा नकाशा ज्यावरून केला त्या उपग्रहानेही वरूनच बघितलं होतं. आमच्याकडच्या उंचीच्या माहितीत मोठ्या खाचराएवढ्या तुकड्याला एकच आकडा असतो, आणि झाडी दाट असली की तो आकडा मातीचा नसतो, शेंड्यांचा असतो. मला हे माहीत होतं. परीक्षेत मी त्यावर पानभर लिहिलं होतं. नकाशा करताना मात्र झाडी माती धरून ठेवते म्हणून मी या जागेचा धोका आणखी कमी धरला होता.

घळीचं तोंड शाळेकडे होतं. काठाजवळ, आमच्या पायांपासून हातभर अंतरावर, जमिनीला लांबच लांब भेग गेली होती. काठ सुटला तर माती घळीतून थेट शाळेवर येणार होती.

"मावशी, ही आधीपासून आहे?"

"न्हाई गं. मागल्या पावसात पडली."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणी इचारलं? हितं देवाबिगर येतंय कोण?" तिने काठावरच्या देवापुढच्या दिव्याची वात शांतपणे पुढे सारली.

अंथरुणं डोक्यावर घेऊन पावसात शाळेकडे धावणारी माणसं मला दिसायला लागली. नकाशातला माझा हिरवा रंग बघून येणार होती ती. चप्पल उलटी घातल्याचं शाळेच्या पायरीवर लक्षात आलं.

सर नकाशाची गुंडाळी करत होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "सर, मागे घळ आहे. भेग पडलीय."

"आता नको," ते ओठ न हलवता म्हणाले. "पुण्याला गेल्यावर बघू. सह्या होत आल्यात."

शेवटची सही राहिली होती. खालच्या घरातली एक बाई मुलाला कडेवर घेऊन वाकली होती आणि पोलीस पाटील तिला कुठे सही करायची ते बोटाने दाखवत होते. सरांकडे बघितलं असतं तर मला बोलता आलं नसतं, म्हणून मी त्या मुलाकडे बघितलं.

"ताई, सही करू नका," मी म्हणाले. सगळे वळले. "पावसात शाळेत येऊ नका. मागची घळ नकाशात आलीच नाही. हिरवा रंग चुकलाय. मी दिलाय तो."